नकाशावरची शेवटची रेघ

प्रिय अवी,

आज मी पोलीस ठाण्यात जाऊन जबाब देऊन आले. तू कसा गेलास ते सगळं सांगितलं. साहेबांना एकदा सांगितलं, लिहून घेणाऱ्या बाईंना दोनदा सांगितलं, प्रत्येक पानाखाली सही केली. परत येताना एसटीत बसल्यावर मनात आलं, ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला सोडून मी बाकी सगळ्यांना सांगून आले! म्हणून हे लिहायला बसले आहे. माझ्या अंगणवाडीच्या वहीची मागची कोरी पानं फाडली आहेत. तू असतास तर म्हणाला असतास, "वहिनी, सरकारी कागद काऊन फाडून राह्यली वो?"

मी दुसरबीडहून तुझ्या दादांशी लग्न होऊन या मळ्यात आले तेव्हा तू पाचवीत होतास. मामंजी आदल्याच वर्षी गेले होते. पहिल्या दिवशी तू दाराआडून माझं बोलणं ऐकलंस आणि ओरडत मायकडे पळालास, "माय, वहिनी 'मला' म्हणते, 'मले' नाई म्हणत!" पुढे कितीतरी वर्षं तू माझ्या बोलण्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचास. तुझा ताप, तुझी दहावी, तुझ्या शर्टाची बटणं, सगळं माझ्याकडे आलं. मला मूल झालं नाही. तुझ्यामुळे ते कधी जाणवलं नाही असं खोटं लिहिणार नाही. जाणवायचं. पण तू शाळेतून आलास की जरा कमी जाणवायचं.

अकोल्याहून तू पदवी घेऊन आलास, आणि सोबत ती जाड टायरांची सायकल. तुझे दादा म्हणाले, "लोकाइचे पोरं शिकून फटफटी आणतात, अन् हा सायकल घेऊन आला!" तू म्हणालास, "फटफटी जिथं अडते ना दादा, तिथून हिचा रस्ता सुरू होते." त्या दिवशी माय किती हसली होती! तिला तसं हसताना मी त्यानंतर फार वेळा पाहिलं नाही.

जंगलातल्या त्या वाटा आम्ही वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या. गुरांनी पाडलेल्या, मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी पाडलेल्या. आम्हाला त्यात काही दिसलं नाही. तुला दिसलं. तळ्याच्या काठानं, मग सागातून वर, सालईच्या टेकाडावरून पुन्हा खाली पाण्यापाशी. वनखात्याच्या माणसांना विचारून, कुठं जायचं आणि कुठं नाही ते समजून घेऊन तू त्या एकमेकींना जोडल्यास. अकोला, खामगाव, बुलढाण्याहून माणसं सायकली घेऊन येऊ लागली. चिखलानं माखून परत यायची आणि आपल्या अंगणात बसून माझी भाकर आणि ठेचा खायची. बाहेरच्या माणसांनी आपलं जंगल बघायला यावं, हे आपल्या गावात कुणाच्या स्वप्नात तरी आलं होतं का?

आणि तू किती जपून होतास! पाहुणे यायच्या दिवशी तू पहाटे एकटा जाऊन सगळी वाट बघून यायचास. पाठीला विळा बांधलेला. वाटेवर पडलेल्या फांद्या बाजूला करायच्या, सैल दगड उचलायचे. जिथं वळण वाईट आहे तिथं झाडाला माझ्या जुन्या लुगड्याची लाल चिंधी. म्हशीचा उतार म्हणतात त्या दगडी घसरणीवर तर तू सगळ्यांना खाली उतरवायचास. कितीही तरबेज माणूस असो, "इथं सायकल हातात धरायची, चालत उतरायचं" म्हणायचास. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्यानं ऐकलं नाही तर तू त्याला तिथूनच परत पाठवलंस. हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय तू अंगणाबाहेर चाक जाऊ देत नव्हतास.

हे सगळं तुलाच कशाला सांगते आहे? कारण वर्षभर लोकांनी उलटं सांगितलं आणि मी ऐकत राहिले.

आता तारेचं लिहिते.

मळ्याचा खालचा धुरा, तो शेवटचा बांध, तळ्याकडे. तिथून रानडुकरं शिरायची. एका रात्रीत मक्याचा पट्टा लोळवून जायची, दुसऱ्या दिवशी रोह्यांचा, नीलगायींचा कळप येऊन उरलेलं खायचा. दादांनी आधी ते बॅटरीवरचं झटका मशीन लावलं, ते पावसात बंद पडलं. मग त्यांनी तेच केलं जे आजूबाजूच्या चार मळ्यांत चालतं. मोटारीच्या खांबावरून सरळ लाइन घेतली आणि गुडघाभर उंचीच्या तारेत सोडली. संध्याकाळी चालू, सकाळी सहाला बंद. बंद करायचं काम माझं. बटन मोटारघराच्या भिंतीवर.

तुला कळलं तेव्हा तू दादांशी पहिल्यांदा मोठ्यानं बोललास. "दादा, माणूस मरते यानं! माह्ये पाव्हणे धुऱ्यावरून येतात. कोणी गेलं तर?"

दादा म्हणाले, "पाव्हण्याइले रस्त्यानं आण. माह्यं पीक तुह्या पाव्हण्यासाठी सोडून देऊ का?"

दोन दिवस तुम्ही एकमेकांशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना तू परत विचारलंस, "तार काढली का?" दादा ताटातून वर न बघता म्हणाले, "काढली ना बे! कितीदा इचारशीन?"

तुझा चेहरा केवढा उजळला! तू स्वतःच्या ताटातली पोळी त्यांच्या ताटात टाकलीस.

अवी, तार काढली नव्हती. वरच्या बाजूची गुंडाळून ठेवली होती. खालची तशीच होती, तळ्याकडची. मी दुपारीच पाहिलं होतं. तू हात धुवायला गेलास तेव्हा मी त्यांना हळूच विचारलं, "त्याला असं का सांगितलं?" ते म्हणाले, "कणसं निघू दे, आठ दिवसांत काढतो. तू मधात बोलू नको. घरात उगा भांडण नको."

आणि मी बोलले नाही. दोन दिवसांनी घरात बोलणं सुरू झालं होतं, तुम्ही दोघं पुन्हा हसत होतात, मला तेवढंच हवं होतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसले. एक वाक्य होतं रे! "अवी, खालच्या धुऱ्यानं जाऊ नको." एवढंच. भाजी वाढताना सांगता आलं असतं.

त्या रविवारी साडेपाचला तू सायकल काढलीस. मी चूल पेटवत होते. म्हटलं, "चहा घेऊन जा."

"आल्यावर पेतो वहिनी. सातले पाव्हणे येऊन राह्यले, त्याच्या आधी वाट पाहून येतो."

मला वाटलं, नेहमीसारखा रस्त्यानं वर जाशील. तू कुठून जातोस ते मी विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. कधी कधी मला तुझा फार राग येतो. सांगायचं होतंस ना! माझ्यावर विश्वास होता म्हणून सांगितलं नाहीस? की दादांवर होता म्हणून?

सहाला मी बटन बंद करायला गेले. बंद केलं. मागे वळले तर खाली मक्याच्या कडेला तुझ्या सायकलचं चाक वर आलेलं दिसलं. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग धावले. गवत दवानं ओलंचिंब होतं आणि तू त्यात कुशीवर पडला होतास, झोपल्यासारखा, एक हात सायकलच्या दांडीवर.

दादा आले. त्यांनी तुझे तळपाय चोळले, छाती चोळली, तुझ्या तोंडावर पाणी मारलं. मग स्वतःचं कपाळ धुऱ्याच्या दगडावर आपटायला लागले. "मले मार शोभा, मले मार!" मी त्यांचं डोकं धरून बसले. किती वेळ, ठाऊक नाही. मग एकाएकी ते शांत झाले. त्यांचा आवाज बदलला. म्हणाले, "पाव्हणे येतीन आता. मले नेतीन. मायचं काय? एक गेला, दुसराही जाईन."

यापुढचं मी आज साहेबांसमोर सांगितलं तेव्हा लिहिणाऱ्या बाईंचं पेन थांबलं.

दादांनी तुला खांद्यावर घेतलं. मी तुझी सायकल ढकलत मागे चालले. अर्धा किलोमीटर, सागातून, म्हशीच्या उतारापर्यंत. तिथं तुला दगडांत ठेवलं. तुझं हेल्मेट मी काढलं. पट्टा निघत नव्हता, तरी काढलं आणि लांब फेकलं. म्हणजे लोक म्हणतील, हेल्मेट न घालता उतारावरून सुटला आणि पडला.

तसंच म्हणाले लोक.

सातला पाहुणे आले. तू नाहीस म्हणून शोधायला गेले. त्यांच्यात मृणाल होती, अकोल्याच्या कॉलेजात शिकवणारी तुझी मैत्रीण. तिला तू सापडलास. ती तुझ्या छातीवर दोन्ही हातांनी दाब देत होती, तोंडानं श्वास भरत होती, वीस मिनिटं, घामाघूम, रडत, मोजत. कुणी तिला थांबवलं की हात झटकायची. मी दहा पावलांवर उभी होते. मला ठाऊक होतं की तू कधीच गेला आहेस. मी तिला दाबू दिलं.

दवाखान्यात न्यायचं कुणीतरी म्हणालं. दादा म्हणाले, "गेला तो. आता फाडाफाड नको." गावातल्या मोठ्या माणसांनीही तेच म्हटलं. दुपारच्या आत तुझी राख झाली.

मग सुरू झालं. "सायकलच्या नादानं गेला." "शहरातल्या पोरींसमोर शायनिंग मारत होता." शाळेत एका मास्तरांनी पोरांना तुझं उदाहरण दिलं, उतावळेपणा केला की काय होतं याचं. तळ्याच्या वाटेवर सायकलला बंदीची पाटी लागली. अंगणवाडीत एक चार वर्षांची मुलगी मला म्हणाली, "बाई, तुमचा अवीकाका पडला कारण त्यानं ऐकलं नाई." मी तिला खिचडी वाढली.

दादांनी तार त्याच दिवशी काढून विहिरीत टाकली. तो खालचा पट्टा यंदा पेरलाच नाही. दिवसभर कुठंतरी बसून असायचे. माझ्याशी बोलायचे ते पाणी आण, जेवायला वाढ, एवढंच. मी त्यांच्याकडे बघायची नाही आणि ते माझ्याकडे.

पंधरा दिवसांपूर्वी मृणाल आली. एकटी. मायच्या पाया पडली, मग मला म्हणाली, "वहिनी, जरा बाहेर बसू या." तुझ्या सायकलच्या दांडीवरचा तो छोटा मीटर आठवतो? कुठून कुठं गेलो ते नकाशावर उमटवणारा? तो तिचा होता. त्या दिवशी तिनं काढून नेला आणि खणात टाकला. वर्षभर तिला हात लावायचा धीर झाला नाही. आता चार्ज केला आणि फोनवर उघडून बघितला.

तिनं फोन माझ्यासमोर धरला. हिरव्या नकाशावर एक निळी रेघ. आपलं घर, मग मळ्याचा खालचा धुरा.

"इथं तो चाळीस मिनिटं थांबलाय," ती म्हणाली. "मग सायकल पुढं गेली, माणूस चालतो त्या वेगानं, म्हशीच्या उतारापर्यंत. वहिनी, त्या उतारावर तो आम्हाला उतरवायचा. तो तिथं सायकलवर बसणारच नाही. आणि हेल्मेट काढून? अवी?"

मी त्या रेघेकडे बघत राहिले. तिचा शेवटचा तुकडा तुझा नव्हता. तो माझा होता. मी चाललेली वाट होती ती.

"सायकल मी ढकलत होते," मी म्हटलं. मग सगळंच सांगितलं. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. फोन बंद करून पिशवीत टाकला. मग म्हणाली, "आम्ही नऊजण होतो त्या दिवशी. सातनंतर आम्ही सगळे त्याच धुऱ्यावरून जाणार होतो. एखाद्या दिवशी बटन बंद करायचं राहिलं असतं तर?" मग उठत म्हणाली, "मी कुणाकडे जाणार नाही. तुम्ही जा." जाताना तिनं माझ्याकडे वळून पाहिलं नाही. बरं केलं.

मी आधी मायला सांगायचं ठरवलं. ती तूर निवडत बसली होती. मी समोर बसले आणि म्हटलं, "माय, अवी पडून नाही गेला."

तिचा हात सुपात तसाच थांबला. म्हणाली, "मले ठाव हाय."

"काय ठाव आहे?"

"त्याचा हात पाह्यला होता म्या. बोटं काळी पडली होती. बाया यायच्या आधी म्या चादर वरतं ओढून घेतली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक गेलाच होता. दुसऱ्याले कशाले घालवू, म्हटलं."

एकाच छपराखाली आम्ही तिघं, अवी! तिघांनाही ठाऊक, आणि आम्ही दोघं तिच्यापासून लपवत होतो, ती आमच्यापासून. वर्षभर एका चुलीवरचं जेवलो!

दादांना सांगितलं तेव्हा मला वाटलं मारतील, नाहीतर पाया पडतील. ते नुसते म्हणाले, "जा. मले स्वतःहून जाणं झालं नाई." आज मी निघाले तेव्हा त्यांनी धुतलेला शर्ट घातला आणि अंगणात बाजेवर बसून राहिले. दुपारी गाडी त्यांना ठाण्यात घेऊन आली. मीही तिथंच होते. सगळं खरं आहे म्हणाले, कुठंही नाही म्हटलं नाही. आत नेण्याआधी त्यांनी मला विचारलं, "बटनाचं सांगतलं का?"

"सांगितलं. आणि हेल्मेटचंही. आणि तार तशीच आहे हे मला ठाऊक होतं, तेही."

"काऊन वो?" त्यांचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "ते सारं माह्या अंगावर घेतलं असतं मी."

वर्षभरानंतर त्यांनी माझ्याकडे नीट बघून बोललेलं हे पहिलं वाक्य. मला त्यांचा तिरस्कार करता येत नाही अवी. तू करशील का? तुझ्या जागी असते तर मी केला असता.

पुढं काय होईल ते ठाऊक नाही. मलाही परत बोलावलं आहे. वकील म्हणतात, तुम्ही स्वतःहून आलात हे बघितलं जाईल. अंगणवाडीची नोकरी राहील की जाईल सांगता येत नाही. शेजारच्या मळ्यातली माणसं संध्याकाळी दारावरून गेली, कुणी थांबलं नाही. त्यांच्याही धुऱ्यावर तारा आहेत. उद्या त्यांच्याकडेही चौकशी येईल, म्हणून रागावले आहेत. माय भिंतीकडे तोंड करून निजली आहे. जेवली नाही. "आता घरात कोण राह्यलं?" एवढंच एकदा म्हणाली. मी म्हटलं, "मी आहे."

तू मला माफ कर असं लिहिणार नाही. ते मागायचा हक्क मी त्या दिवशी जेवणावर गप्प बसून गमावला. पण एक वचन देते. उद्यापासून मी तारा काढायला सांगत एकेका मळ्यात जाणार आहे. कुणी दार लावलं तर दाराबाहेर उभी राहीन, कुत्रं सोडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जाईन. त्या मास्तरांच्या वर्गातही जाईन. तुझा पट्टा कुणी काढला, तुला तिथं कुणी नेऊन ठेवलं, सगळं सांगीन. आणि सांगताना "आमच्या घरात अपघात झाला" असं म्हणणार नाही.

"आम्ही त्याला मारलं" असं म्हणीन.

तुझी,
शोभावहिनी